बावीस डुकरं आणि करवंटीचा कोळसा

माझ्या सेवापुस्तकात माझं पद 'पशुधन पर्यवेक्षक' असं लिहिलेलं आहे. ते पुस्तक साहेबांच्या कपाटात असल्यामुळे रत्नागिरी तालुक्यातल्या कुणी ते वाचलं नाही. लोक पहिल्या दिवसापासून मला डॉक्टर म्हणत आले आणि मी पहिल्या दिवसापासून 'मी डॉक्टर नाही' असं सांगत आलो. साधारण तिसऱ्या वर्षी मी सांगणं सोडून दिलं. गाय अडलेली असताना दारात उभ्या असलेल्या माणसाला पदनाम समजावून सांगण्यात अर्थ नसतो.

बाहेरच्यांना आमच्या कामाची कल्पना नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. गाई-म्हशींचं कृत्रिम रेतन, पावसाळ्याआधी लशी, जंताचं औषध, बैलांचं खच्चीकरण आणि या सगळ्याचा अहवाल. अहवाल हे आमच्या खात्यातलं सगळ्यांत मोठं जनावर. त्याला दर महिन्याला वेळेवर खायला घालावं लागतं. त्या अहवालात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी असे रकाने होते आणि एक रकाना 'वराह' असा होता. आमच्या भागात डुकरं कुणी पाळत नव्हतं. मी दर महिन्याला तिथे 'निरंक' लिहायचो. माझ्या अक्षरातला तो सर्वांत सुबक शब्द आहे.

नोकरीची पहिली वर्षं मी शहरात होतो. मिरकरवाड्यात हलीमाखाला म्हणून एक बाई होत्या. घरातले पुरुष होडीवर, आणि खालांच्या चार शेळ्या जेटीवर. बंदरावरची शेळी काय खात नाही ते विचारावं. एकदा त्यांच्या शेळीनं कुजलेली मासळी खाल्ली आणि ती फुगून आडवी पडली. मी औषधाची पेटी उघडेपर्यंत खालांनी काळं पाणी करून तिच्या नरड्यात ओतलं होतं. कोळसा कुटून पाण्यात कालवलेला.

"कोळसा कसला दिलास खाला?"

"करवंटीचा. करवंटीचाच द्यायचा, दुसरा कोणचा नाय."

"का?"

"माझी आई तोच द्यायची."

शेळी दुसऱ्या दिवशी पुन्हा जेटीवर गेली. कोळशाला सूक्ष्म छिद्रं असतात आणि पोटातली घाण तो धरून ठेवतो, हे मी शिकलेलो होतो. त्यामुळे खालांचा कोळसा मला पटला. 'करवंटीचाच' हा शब्द मात्र मी म्हाताऱ्या माणसांच्या हट्टात जमा केला. तिथे माझी पहिली चूक झाली, पण ती उघडकीला यायला बरीच वर्षं जायची होती.

पुढे माझी बदली पालीच्या पलीकडच्या दवाखान्यात झाली. नोकरीची शेवटची वर्षं तिथेच गेली. माझ्या हद्दीतल्या एका गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या शिमग्याला मला तिकडे तोंड दाखवता येणार नाही. त्या गावातल्या वरच्या वाडीत सुनंदा राहायची. नवरा शांताराम मुंबईला एका कार्यालयाच्या कँटीनमध्ये, घरी ही एकटी. तिच्या सात शेळ्या होत्या. बिबट्यानं एकेक करून त्या नेल्या, अगदी हप्त्यानं नेल्यासारख्या. सातवी गेली त्या आठवड्यात ती दवाखान्यात आली आणि म्हणाली, "डॉक्टर, मना डुकरा पाळायची हायत."

मी खुर्चीत नीट बसलो. निरंक रकान्याचं भवितव्य माझ्यासमोर उभं होतं.

"वहिनी, गाव काय म्हणेल?"

"गाव शेळ्या राखायला आलावता काय?"

तिनं विचार केलेला होता. डुकराला पक्कं बांधलेलं, जाळीचं खुराडं लागतं, म्हणजे बिबट्याचा प्रश्न मिटला. घ्यायला गोव्याचे व्यापारी दारात येतात. खायला गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरच्या खानावळींमधलं उरलेलं अन्न मिळतं. ते तिच्या चुलत दिराच्या टेम्पोतून यायचं, ती ते उकळून, कोंडा घालून द्यायची. उकळल्याशिवाय द्यायचं नाही हे मी तिला बजावलं होतं आणि तिनं ते कधी मोडलं नाही. पांढरी विलायती पिल्लं आली. दीड वर्षात बावीस वाढती डुकरं झाली. मी 'वराह'च्या रकान्यात 'बावीस' लिहिलं तेव्हा तालुक्याहून फोन आला की आकडा चुकून खाली सरकलाय का, बघा.

गावाचं म्हणाल तर गाव पहिल्यापासून नाक मुरडून होतं. वास्तविक याच गावात रानडुक्कर मिळालं की त्याचे वाटे घरोघर जातात आणि कुणाचा वाटा लहान झाला तर वर्षभर बोलणं बंद होतं. पण ते डुक्कर वेगळं आणि हे वेगळं. रानडुकराविषयी मी यापुढे काही लिहिणार नाही. मला पेन्शन मिळते.

गावाची तक्रार मात्र खोटी नव्हती. वास येत होता. दूध तुटल्यानंतर डुक्कर झपाट्यानं वाढतं, पण त्याच वयात त्याचं पोट बिघडतं. खाद्य बदललं की हगवण, हगवण लागली की वाढ थांबते, आणि ज्या घाणीतून वाढ वाहून जाते तीच घाण नाकात जाते. सुनंदाचं खुराडं उंचावर, आणि वाऱ्याच्या वाटेवर खाली देवीची सहाण. सहाण म्हणजे शिमग्यात पालखी बसते तो चौथरा. तिथपर्यंत वास उतरायचा.

गावकीची बैठक बसली. गावचे मानकरी शंकरतात्या. सत्तरी ओलांडलेले, अंगानं काटक, बोलणं तोडून. ते म्हणाले, "शिमग्यापर्यंत वास गेला पायजे. नायतर पालखी वरच्या वाडीत तिच्या खळ्यात चढायची नाय. देवीला वास लागतो."

बायका गावकीत बोलत नाहीत. सुनंदा देवळाच्या पायरीवर उभी होती, तिथून बोलली, "देवीला इचारलाव काय?"

बैठक मोडली.

आमच्याकडे शिमग्याला पालखी देवळातून निघते आणि प्रत्येक घरी जाते. माणसं दिवाळीला येणार नाहीत, पण पालखीला मुंबईहून येतात. घरची सवाष्ण देवीची ओटी भरते. मानकरी त्या घराच्या वतीनं गाऱ्हाणं घालतात. पालखी ज्या घराच्या पायरीवरून परत गेली ते घर गावात असून नसल्यासारखं होतं. कायद्यानं तसं काही करता येत नाही. पण पालखी कुठल्या खळ्यात, म्हणजे अंगणात, थांबली नाही, याची नोंद कुठल्या कचेरीत होत नाही.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सुनंदा पुन्हा दवाखान्यात आली. मला वाटलं डुकरांचं काय ते बोलेल. ती म्हणाली, "डुकरा गेली तर दुसरी आनीन, डॉक्टर. पालखी फिरली तर काय करू? लग्न झाल्यापास्नं ओटी चुकलेली नाय माजी." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सात शेळ्या गेल्या तेव्हा मी ते पाहिलं नव्हतं.

त्या सुमारास मी एका प्रशिक्षणाला जाऊन आलो होतो. प्रशिक्षणांचं मला फारसं काही आठवत नाही, जेवण आठवतं. पण त्या वेळी एका तरुण शास्त्रज्ञानं बायोचारविषयी सांगितलं होतं. नाव भारी आहे, वस्तू साधी. लाकूड किंवा टरफल उघड्यावर जाळलं तर राख होते. पिंपात घालून, हवा कमी देऊन तापवलं तर कोळसा होतो. तो पाणी मारून विझवायचा, बारीक कुटायचा, चाळायचा आणि खाद्यात थोडासा मिसळायचा. पोटातला वायू आणि घाण तो धरतो, शेण घट्ट पडतं, वास कमी येतो. डुकरं वाढतात का, असं मी विचारलं. तो प्रामाणिक होता. म्हणाला, "कुठे वाढली, कुठे काही फरक पडला नाही. आणि औषध देणार असाल त्या वेळी कोळसा देऊ नका, तो औषधही धरून बसतो." मला एकदम हलीमाखालांची शेळी आठवली आणि आपल्याला हे आधीपासून माहीत होतं असं वाटलं. असं वाटणं आमच्या पेशात धोक्याचं असतं.

पहिला घाणा मी स्वतः उभा राहून केला. डांबराचं नव्हे, तेलाचं जुनं पिंप, घासून धुतलेलं. वाडीतल्या करवंट्या गोळा केल्या. पिंप भरून वरून पेटवलं, ज्योत बसली तसं झाकण ठेवलं, शेवटी पाणी मारलं. करवंटीचा कोळसा खणखणीत वाजतो. सुनंदानं तो वायनात, म्हणजे अंगणात पुरलेल्या दगडी उखळात कुटला. शंभर किलो खाद्याला किलोभर, असं प्रमाण मी ठरवून दिलं. डुकरांनी पहिल्या दिवशी वास घेतला आणि खाल्लं. डुकरांचं ते एक बरं असतं.

वास मोजायला माझ्याकडे यंत्र नव्हतं. पण त्या वाडीखालून एसटी जायची. सुरुवातीला खुराड्याच्या बाजूच्या साऱ्या खिडक्या वळणाच्या आधीच धडाधड बंद व्हायच्या. मी सकाळच्या गाडीला रस्त्यावर उभा राहून खिडक्या मोजू लागलो. आठवड्यानं मागच्या दोन उघड्या दिसल्या. तीन आठवड्यांनी कंडक्टर दारात उभा राहून निवांत तंबाखू मळत गेला. मी वहीत लिहिलं, 'वास : कंडक्टर दारात.' माझ्या सबंध नोकरीतलं एवढं एकच निरीक्षण मला शास्त्रीय वाटतं.

शिमगा जवळ आला होता. सुनंदानं ओटीचं खण-नारळ आणून ठेवलं होतं. एके दुपारी तिचा फोन आला तेव्हा मी तालुक्याच्या बैठकीत होतो. साहेब लसीकरणाच्या उद्दिष्टावर बोलत होते. मी मान खाली घालून फोन कानाला लावला.

"डॉक्टर, करवंट्या संपल्या. लोक आंघोळीच्या पाण्याला जाळतात, देत नाय कोण. दुसरा काय चालंल?"

"काहीही चालेल वहिनी. लाकूड, टरफल. कोळसा तो कोळसा."

एवढंच. साहेब माझ्याकडे बघत होते म्हणून मी फोन ठेवला.

आमच्याकडे टरफल म्हटलं की एकच. पालीच्या रस्त्यावर काजूचा कारखाना होता आणि त्याच्या मागे टरफलांचा ढीग. हवी तेवढी उचला. काजूच्या टरफलात जळजळीत तेल असतं, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सुनंदालाही ठाऊक होतं. पण तिनं विचार केला की जाळल्यावर तेल राहील कशाला, आणि डॉक्टरांनी टरफल चालेल म्हणून सांगितलंय. तिनं पिंप भरून पेटवलं. काजूचं टरफल जळतं तसं दुसरं काही जळत नाही. ज्वाळा माडाच्या झापांपर्यंत गेल्या. ती घाबरली आणि तिनं वेळेआधीच पाणी मारलं. वरचा थर कोळसा झाला. खालचा थर बाहेरून काळा आणि आत कच्चा राहिला. तिनं सगळा कुटला.

पालखी वरच्या वाडीत यायला आठ दिवस होते. सकाळीच निरोप आला. मी गेलो तर डुकरांच्या नाकाडावर आणि ओठांवर फोड, तोंडातून लाळेच्या तारा. आमच्या पुस्तकात हे चित्र रंगीत छापलेलं आहे आणि त्याखाली 'लाळ्या-खुरकूत' असं लिहिलेलं आहे. हा रोग डुकरांतून गाई-बैलांत जातो. मी तो शब्द मोठ्यानं उच्चारला. शेजारचे दोघे गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी उभे होते. मी खुराड्याबाहेर येऊन हात धुईपर्यंत ते उभे नव्हते.

दुपारपर्यंत सगळ्या गावानं गुरं बांधून घातली. मी नमुने घेतले, वर कळवलं. नियमाप्रमाणे डुकरं जागेवरून हलवायची नाहीत, असं सुनंदाला लेखी दिलं. संध्याकाळी गावकीनं तिला तोंडी कळवलं की डुकरं दोन दिवसांत गावाबाहेर गेली पाहिजेत. पालखीचं कुणी बोललंच नाही. ते ठरल्यात जमा होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेलो. रात्रीत एक डुक्कर मेलं होतं. मी उरलेल्यांचा ताप घेत बसलो. डुकराचा ताप कसा घेतात ते मी दिवाळी अंकात लिहीत नाही. एकालाही ताप नव्हता. खूर बघितले. लाळ्या-खुरकुतात खुराच्या वरच्या कडेला फोड येतात, डुक्कर लंगडतं. इथे खूर स्वच्छ होते. मी पुस्तकातलं चित्र पाहिलं होतं, खालचा मजकूर मात्र वाचला नव्हता. आणि कोपऱ्यात एक मरतुकडं डुक्कर होतं. बाकीची त्याला खाद्याच्या टाकीजवळ फिरकू द्यायची नाहीत, म्हणून सुनंदा त्याला वेगळी पेज पाजायची. त्याच्या तोंडाला एकही फोड नव्हता.

मी म्हटलं, "वहिनी, हात धुवायला पाणी द्या."

तिनं बादली आणली. हातावर पदर घेऊन कडी धरली होती. बादली ठेवताना पदर सरकला आणि तिनं हात झटकन मागे घेतला.

"हात बघू."

"काय नाय वो."

"बघू."

दोन्ही हातांची बोटं काळी पडलेली, पेरांवर फोड फुटलेले, तळव्याची साल निघालेली.

"हे केव्हापासून?"

"कोळसा कालवताना झाला. चार दिवस झाले."

"मला सांगितलं का नाही?"

ती म्हणाली, "तुमी गुरांचे डॉक्टर. मी म्हटला, आपले हात कशाला दाखवा."

मी तिथेच खुराड्याच्या कठड्यावर बसलो. बावीस डुकरांची तोंडं मी दोनदा उघडून पाहिली होती. त्यांना रोज खायला घालणाऱ्या बाईच्या हातांकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एवढी लाज कधी वाटली नाही. मी कोळशाच्या पोत्यात हात घालून खालून मूठभर भुकटी काढली. बोटांना तेलकट लागली. मी विचारलं, "काजू?" ती म्हणाली, "तुमी बोललाव ना, कायपण चालंल."

मी म्हणालो होतो.

दुपारी मी डुकरांची तोंडं धुतली, बोरोग्लिसरीन लावलं, गार पेज दिली. सुनंदाच्या हातांनाही मलम लावून पट्ट्या बांधल्या आणि उद्या माणसांच्या डॉक्टरकडे जायचं असं वचन घेतलं. मलम गुरांचं होतं. तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आणखी एक डुक्कर संध्याकाळच्या आत गेलं. दोन्ही आम्ही चुना टाकून खोल पुरली. खड्डा मी खणला. तिचे हात चालत नव्हते.

मग मला देवळात जायचं होतं. प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ होता. तो आल्यावर 'रोग नाही' एवढं सांगून मोकळं होता आलं असतं. कुणी कारण विचारलं नसतं. पण तोवर डुकरं गेली असती आणि पालखी फिरली असती. मी वाटेत वाक्य तयार केलं. 'अनवधानाने अपूर्ण माहिती दिली गेली.' सरकारी मराठीत चूक कधी कुणी करत नाही, ती होते किंवा घडून येते.

गावकी बसली होती. मी उभा राहिलो आणि वाक्य विसरलो. म्हणालो, "रोग नाही. काजूच्या टरफलाचा कच्चा कोळसा पोटात गेलाय. तो घाल म्हणून मीच सांगितलं. माझं चुकलं."

शंकरतात्यांनी विचारलं, "म्हंजे चूक खात्याची?"

"नाही. माझी."

"कशावरनं काजू?"

मी मागे पाहिलं. सुनंदा पायरीवर उभी होती. ती चार पावलं पुढे आली, सभामंडपाच्या आत, आणि तिनं दातांनी गाठ सोडून एका हाताची पट्टी काढली. दुसऱ्याची तात्यांच्या पुतण्यानं सोडवली. तिनं दोन्ही हात पुढे धरले.

त्या गावात असा एकही माणूस नव्हता ज्याच्या ओठाला किंवा बोटांना लहानपणी काजू भाजताना फोड आले नव्हते. बापाचा मार खाऊन चार दिवस तोंड सुजवून बसलेले तिथे सगळेच होते. मला जे दोन दिवस आणि एक रंगीत पुस्तक असून कळलं नाही, ते त्यांना बसल्या जागेवरून कळलं. एक म्हातारा म्हणाला, "काजीचाच हाय. नारळाचा तेल लाव गे." तात्यांनी पुढे वाकून ते हात पाहिले. मग म्हणाले, "जा घरी, पट्टी बांध."

पालखीविषयी ते काही म्हणाले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर सुनंदाच्या बेड्याजवळ, म्हणजे फाटकाजवळ, करवंट्यांचा ढीग होता. कुणी टोपलीभर, कुणी पिशवीभर आणून ओतल्या होत्या. कुणी ते तिनं विचारलं नाही. त्या दिवशी वाडीतल्या अर्ध्या लोकांनी गार पाण्यानं आंघोळ केली असावी. मी पिंप लावलं. शांताराम मुंबईहून आला होता, त्यानं कोळसा कुटला. डुकरांची तोंडं बरी होईपर्यंत तो त्यांच्या पोटात द्यायचा नव्हता, म्हणून आम्ही तो खुराड्यात भुशाबरोबर अंथरला. तसाही तो वास धरतो. विसाच्या वीस पांढरी डुकरं चार दिवस काळी होऊन हिंडत होती.

नंतर कधीतरी मी मिरकरवाड्यात हलीमाखालांना भेटलो आणि ही हकिगत सांगितली. त्यांनी विचारलं, "कोणच्या जनावराला दिलास?"

"जनावराला," मी म्हणालो.

"डुकराला म्हणून सांग की. मी काय विटाळते होय? करवंटीचाच दे म्हटलं होतं ना तुला?"

म्हटलं होतं.

पालखीच्या दिवशी मी रजा टाकली. ढोल खालच्या वाडीतून वर सरकत होता. सुनंदा खळ्यात उभी होती. सारवण शेजारणीनं केलं होतं. तिच्या पट्ट्या मी सकाळीच बदलल्या होत्या. पालखी पायऱ्यांपाशी आली आणि भोई थांबले. तात्या पुढे होते. ते पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी दीर्घ श्वास घेतला. दम लागला म्हणून घेतला की वास बघायला, ते मला आजही सांगता येणार नाही. मग ते वर चढले आणि त्यांच्या मागून पालखी चढली.

सुनंदानं पट्ट्या बांधलेल्या हातांनी ओटी भरली. तांदूळ बोटांतून सांडत होते. शांताराम मदतीला पुढे झाला तर तिनं त्याला कोपरानं बाजूला केलं. मग तात्यांनी हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. घरातल्या माणसांना सुखी ठेव, परदेशी गेलेल्यांना राख, शेतीवाडीला बरकत दे. प्रत्येक वाक्याला सगळं खळं 'व्हय महाराजा!' म्हणत होतं. पुढे गुरांचं वाक्य येतं. गाय, म्हैस, बैल, शेळी अशी नावं ठरलेली असतात. तात्या शेळीपर्यंत आले आणि थांबले. सुनंदानं मान वर केली नाही.

"आनि ह्या लेकीच्या दारात जी काय डुकरा हायत, त्यांस्नी बी राख!"

"व्हय महाराजा!"

"आनि ह्या गुरांच्या डॉक्टराच्या हातून जा काय चुकला माकला असंल, ता पदरात घे!"

मी सगळ्यांच्या मागे, गडग्याला टेकून उभा होतो. त्या महिन्याच्या अहवालात वराहाच्या रकान्यात मी 'वीस' लिहिलं आणि उरलेल्या दोघांसाठी त्यात कुठे जागा नव्हती. पण तेव्हा, त्या खळ्यात, 'व्हय महाराजा' सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणालो.